पिस्टन, पीठ आणि वाचकांची पत्रं

गेल्या अंकात इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एखादा इंग्रजी शब्द कुठून आला हे शोधायला बसलो की रात्र कुठे जाते कळत नाही. घरचे विचारतात, याचा उपयोग काय? तुम्हाला यात नेमकं काय सापडलं?

उत्तर : घरच्यांना सांग, उपयोग फारसा नाही. खोटं कशाला बोलायचं? मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं मराठी भाषांतर करून पोट भरते, आणि या नादामुळे माझा दर कधी एका रुपयानेही वाढला नाही.

पण तुझ्याच शाखेतली गोष्ट सांगते. एका पंपाच्या पुस्तिकेत 'पिस्टन' ठेवायचं की 'दट्ट्या' लिहायचं यावरून कंपनीच्या माणसाशी माझी हुज्जत चालली होती. त्या निमित्ताने कोश उघडला. 'पिस्टन' इंग्रजीत आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये आला इटालियनमधून. इटालियनमध्ये त्याच्या मुळाशी कुटणे या अर्थाचं 'पेस्तारे' हे क्रियापद आहे आणि त्याच्याही मागे लॅटिन 'पिन्सेरे', म्हणजे कुटणे, दळणे, भरडणे. या 'पिन्सेरे'चं सख्खं भावंड म्हणजे संस्कृतातला 'पिष्' धातू. 'पिष्'चं 'पिष्ट' झालं आणि 'पिष्ट'चं आपलं 'पीठ'. खलबत्त्यातल्या बत्त्याला इंग्रजीत 'पेसल' म्हणतात, तोही याच घरातला. म्हणजे तुझ्या इंजिनातला पिस्टन आणि डब्यातलं पीठ हे दूरचे का होईना, नातेवाईक आहेत. माझ्या मजकुराच्या समासात संपादक जो 'पिष्टपेषण' असा शेरा मारतात, तोही त्याच नात्यातला.

पुस्तिकेत शेवटी काय छापलं म्हणशील तर 'पिस्टन'च. शोधाचा कामाला काडीचाही उपयोग झाला नाही, आणि तरी त्या दिवशी मी खुशीत होते.

यात सापडलेली दुसरी गोष्ट मला पहिलीहून मोठी वाटते. इथे पुरावा मागता येतो. यंत्रांच्या जोडण्यांना 'मेल' आणि 'फीमेल' म्हणतात हे तुला माहीत आहे. 'फीमेल' हा 'मेल'ला काहीतरी जोडून केलेला शब्द, असं कुणालाही वाटेल. पण 'मेल'च्या मुळाशी लॅटिन 'मास्कुलुस' आहे, तर 'फीमेल'च्या मुळाशी 'फेमेल्ला', म्हणजे लहानगी स्त्री. फ्रेंचमधून 'फेमेल' म्हणून आलेल्या या शब्दाची शेपटी इंग्रजांनी 'मेल'शी जुळवून घेतली, एवढंच. उलट 'हॉटेल', 'हॉस्टेल' आणि 'हॉस्पिटल' आपण तीन निरनिराळ्या कारणांसाठी वापरतो, पण तिघांचं मूळ एकच, पाहुण्यांना उतरवून घेण्याची जागा. 'दिसतं तसं नसतं' ही म्हण या विषयाच्या दारावर लावायला हरकत नाही. पुढच्या पत्राचं उत्तर तर सगळं त्यावरच आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. फादर आणि पितर, नेम आणि नाम, डे आणि दिवस, बॅड नेम आणि बदनाम. इतकी साम्यं पाहिल्यावर इंग्रजी ही संस्कृतातूनच निघाली हे मान्य करायला आपले विद्वान का कचरतात?

उत्तर : सर, तुमच्या यादीत अस्सल आणि नकली एकत्र आले आहेत. ते वेगळे करण्यातच खरी मजा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'फादर'–'पितर' अस्सल. 'नेम'–'नाम' अस्सल. 'डे'–'दिवस' मात्र नकली. आणि 'बॅड नेम'–'बदनाम' अर्धं अस्सल, अर्धं नकली!

हे कशावरून म्हणायचं? याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 मध्ये एक नियम मांडला. त्याच्याआधी 1818 मध्ये रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने त्यातलं बरंचसं दाखवलं होतं, पण नाव ग्रिमचं झालं. नियमाचा सारांश असा : संस्कृतात, लॅटिनमध्ये, ग्रीकमध्ये जिथे 'प' आहे, तिथे इंग्रजीच्या घराण्यात 'फ' येतो. 'त'च्या जागी 'थ', 'क'च्या जागी 'ह', 'द'च्या जागी 'ट'. 'पाद' आणि 'फुट' शेजारी ठेवा. 'प'चा 'फ' झाला, 'द'चा 'ट' झाला. 'दन्त' आणि 'टूथ' घ्या. 'द'चा 'ट', 'त'चा 'थ', आणि मधला 'न्' इंग्रजीत गळाला. 'दश' आणि 'टेन', 'द्वि' आणि 'टू', 'त्रि' आणि 'थ्री' अशी रांगच लागते.

आता 'डे'कडे बघा. 'दिवस'चा 'द' इंग्रजीत 'ट' व्हायला हवा होता. 'डे'मध्ये 'ड'च आहे, म्हणजे 'डे' परीक्षेत नापास. लॅटिनमध्ये दिवसाला 'डिएस' म्हणतात, तो आपल्या 'दिवस'चा खरा भाऊबंद. इंग्रजी 'डे' मात्र ना याचा, ना त्याचा. गंमत अशी, की ज्याची तुम्ही अपेक्षा करता तो 'ट'वाला शब्द इंग्रजीत आहे आणि तो दर आठवड्याला येतो. 'ट्यूजडे' म्हणजे 'टिव' नावाच्या जर्मानिक देवाचा वार, आणि 'टिव' म्हणजे नियमाप्रमाणे 'द'चा 'ट' झालेला आपला 'देव'. 'ट्यूजडे'त संस्कृतचं नातं शोधायचं तर 'डे'त नाही, 'ट्यूज'मध्ये शोधायचं!

तुमच्यासारखा चौकस माणूस इथे हात वर करेल : मग 'दुहितृ' आणि 'डॉटर' कसं? तिथे 'द'ला 'ड' दिसतो. बरोबर. पण तो 'द' मुळात 'ध' होता. संस्कृतात एकापाठोपाठच्या अक्षरांत दोन महाप्राण, म्हणजे 'ध', 'भ' यांसारखे 'ह' मिसळलेले उच्चार, आले तर पहिल्याचा जोर जातो, आणि मूळच्या 'ध'चा इंग्रजीत 'ड' होतो हे ग्रिमच्या नियमातच बसतं. हे 1863 मध्ये दाखवून दिलं हेर्मान ग्रासमान यांनी. (पहिल्या पत्रातल्या इंजिनिअरसाठी : रेषीय बीजगणितातले ग्रासमान ते हेच. गणिताकडे कुणी लक्ष देईना, तेव्हा गृहस्थ ऋग्वेदाकडे वळले.)

राहिलं 'बदनाम'. त्यातला 'बद' आपल्याकडे फारसीतून आला. फारसीतही आधी त्याचा उच्चार 'वद'च्या जवळचा होता. इंग्रजी 'बॅड'शी त्याचा काही संबंध नाही. दोघांचा अर्थ सारखा, आवाज सारखा, आणि गाठ निव्वळ योगायोगाची. 'नाम' आणि 'नेम' मात्र रक्ताचे. म्हणून म्हटलं, अर्धं अस्सल.

आता तुमचा मुख्य मुद्दा. संस्कृत आई की बहीण? सर विल्यम जोन्स यांनी 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण केलं. त्यात त्यांनी संस्कृतची तोंड भरून स्तुती केली, आणि त्याच दमात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघी एका समान मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. आपल्याकडे स्तुतीचा भाग पाठ झाला, पुढचा राहून गेला.

याचा पुरावा 'चक्र' या एका शब्दात आहे. 'चक्र'च्या मूळ रूपात एकच व्यंजन दोनदा येत होतं, 'क्वे-क्व-लो' असं काहीसं. ग्रीकमध्ये त्याचं 'कुक्लोस' झालं, तिथे दोन्ही 'क' शाबूत आहेत. संस्कृतात मात्र पहिल्याचा 'च' झाला आणि दुसरा 'क'च राहिला. एकाच व्यंजनाची अशी दोन रूपं का व्हावीत? कारण पहिल्यापुढे 'ए'सारखा स्वर होता, आणि 'ए'-'इ'च्या शेजारी 'क'चा 'च' होतो. नंतर संस्कृतात त्या 'ए'चा 'अ' झाला. स्वर गेला, पण त्याने केलेला 'च' मागे राहिला. म्हणजे संस्कृतही बदलून आलेली भाषा आहे, तिच्याही मागे कुणीतरी आहे.

याच शब्दाचं इंग्रजी रूप म्हणजे 'व्हील'. 'क'चा 'ह' झाला, जुन्या इंग्रजीत 'ह्वेओल' असा उच्चार होता. स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर जो मुका एच बसलेला आहे, तो त्या 'क'चा अवशेष. 'सायकल' ग्रीक 'कुक्लोस'वरून आली. तेव्हा 'सायकलचं व्हील' म्हणा नाहीतर 'सायकलचं चाक' म्हणा, आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो.

आणि आता हे बघा : व्हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर. इंग्रजीतले प्रश्न डब्ल्यू-एचने सुरू होतात. मराठीतले? कोण, काय, केव्हा, कुठे. सगळे 'क'चे. 'चक्र' आणि 'व्हील'मध्ये जो बदल झाला, नेमका तोच इथेही. शाळेत आपण 'डब्ल्यू-एच क्वेश्चन्स' घोकतो आणि घरी येऊन 'क'ने प्रश्न विचारतो. दोन्हीकडे तोच एक जुना प्रश्नार्थक शब्द हजारो वर्षं तोंडात घोळतो आहे. इंग्रजी संस्कृतातून निघाली म्हणण्यापेक्षा मला हे कितीतरी रोमांचक वाटतं, सर.

प्रश्न : 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. 'पॉश' म्हणजे भारतात येणाऱ्या बोटीतल्या सावलीच्या बाजूच्या केबिनचं तिकीट, 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. आणि रोमन शिपायांना पगार मिठात मिळे म्हणून 'सॅलरी'. हे खरं का? मोबाइलवर नेहमी येतं.

उत्तर : 'न्यूज' खोटं. 'न्यू'चं ते अनेकवचन, नवनवीन गोष्टी, बस्स. 'पॉश'ही खोटं. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. 'सॅलरी'त मीठ खरोखरच आहे, कारण लॅटिन 'सालारियम'मध्ये 'साल' म्हणजे मीठ. पण शिपायांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवत होते, असं कुठल्याही रोमन लेखकाने लिहिलेलं नाही.

एक चाळणी देऊन ठेवते. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची चाल मुळात विसाव्या शतकातली. रडार, लेसर हे तसे खरे शब्द. त्याआधीच्या कुठल्याही शब्दाला कुणी आद्याक्षरं चिकटवली तर बेलाशक खोटं समजा. ठळक अपवाद 'ओके'चा. 1839 साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट'चं 'ऑल करेक्ट'च, पण ओ आणि के वापरून लिहिलेलं. त्या टूमेतले बाकीचे विनोद मेले, हा जगभर पसरला. ॲलन वॉकर रीड या अमेरिकन अभ्यासकाने 1960 च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हे शोधून काढलं.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये बी कशाला, आणि 'नी' म्हणजे गुडघ्यात के कशाला, असं विचारून भंडावते. 'पाठ कर' यापलीकडे मला सांगता येत नाही.

उत्तर : मुलीला सांगा, दोन अक्षरांची जात वेगळी आहे. 'नी'तला के खरा आहे. इंग्रज पूर्वी 'क्नी' असंच म्हणत, तो उच्चार सतराव्या शतकाच्या सुमारास झिजला. संस्कृतात गुडघ्याला 'जानु' म्हणतात आणि ग्रीकमध्ये 'गोनु'. ग्रीकमधल्या 'ग'चा इंग्रजीत नियमाने 'क' होतो, तोच हा के.

'डेट'मधला बी मात्र पंडितांनी आणून चिकटवलेला. शब्द फ्रेंचमधून बी न घेताच आला होता आणि लोक तो तसाच लिहीत. पुढे लॅटिन येणाऱ्यांना वाटलं, लॅटिनमध्ये 'डेबिटुम' आहे, तर आपल्या स्पेलिंगमध्ये त्याची खूण नको? घातला बी. 'डाउट'मध्येही तसाच. 'आयलंड'मध्ये तर याहून मोठा घोळ. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात एस कधीच नव्हता. पण 'आइल' या फ्रेंचमधून आलेल्या शब्दात लॅटिन 'इन्सुला'चा एस आहे, म्हणून यालाही एक एस मिळाला. नातं नाही, गोतं नाही, फुकटचा एस.

तेव्हा बी आणि एसवर चिडायला मुलीला माझी पूर्ण मुभा आहे. केवर नको.

प्रश्न : मराठीत इंग्रजीची जी खिचडी चालली आहे ती पाहून संताप येतो. इंग्रजांनी आपली भाषा शुद्ध राखली, आपण का नाही राखली?

उत्तर : इंग्रजांनी? अहो, 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामंसुद्धा त्यांची स्वतःची नाहीत. ती स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंगांची आहेत. हल्लेखोर आले, शेजारी होऊन राहिले, आणि 'स्काय', 'नाइफ', 'एग', 'टेक' असे रोजचे शब्द देऊन गेले. 'विंडो' त्यांचाच, 'विंडाउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. आपल्याकडे 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा. खिडकीत डोळा दोन्हीकडे दिसला, हे मला फार आवडतं. मग 1066 मध्ये नॉर्मंडीचा विल्यम गादीवर बसला आणि कोर्ट, जज, ज्युरी, जेल सगळं फ्रेंचमधून आलं. पुढे आपल्याकडूनही गेलं. 'मंगूस' हा मूळ मराठी मुंगूस, पोर्तुगीजांच्या हातून तिकडे पोचलेला.

या खिचडीने त्यांनाही त्रास दिलाच. विल्यम कॅक्स्टन याने 1476 मध्ये इंग्लंडात पहिला छापखाना घातला. 1490 च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने एक किस्सा लिहून ठेवला आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून समुद्रापलीकडे, नेदरलँड्समधल्या झीलंडला निघाले होते. वारा पडला, म्हणून किनाऱ्याला उतरले. त्यांच्यातला शेफील्ड नावाचा कापडवाला एका घरी जाऊन खायला मागू लागला, विशेषतः 'एग्ज' आहेत का म्हणून विचारू लागला. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. हा तडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी सोबत्यांपैकी एकजण म्हणाला, 'आयरेन' हवी आहेत. तेव्हा बाई म्हणाल्या, आता समजलं.

'एग्ज' उत्तरेकडचं, व्हायकिंगांचं. 'आयरेन' दक्षिणेकडचं, घरचं. दोन्ही मुळात एकाच शब्दाची रूपं. कॅक्स्टनची अडचण धंद्याची होती : आता माणसाने छापायचं तरी काय, 'एग्ज' की 'आयरेन'? पाहुणा जिंकला, घरचा विसरला गेला. आज इंग्लंडात 'आयरेन' मागितलं तर अंडी काही मिळायची नाहीत.

मराठीबद्दल तुमचा संताप वेगळ्या कारणाने रास्त असू शकतो. मराठी शब्द हाताशी असून आळसाने इंग्रजी वापरला, तर मलाही राग येतो. पण त्यासाठी इंग्रजांचा दाखला चालणार नाही.

प्रश्न : 'नाइस'चा मूळ अर्थ अडाणी, असं वाचलं. मग कुणाला 'नाइस' म्हणावं की नाही?

उत्तर : खुशाल म्हणा. लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे अडाणी, हे खरं. 'सिली'चा प्रवास उलटा, तो पूर्वी 'धन्य, पुण्यवान' होता आणि आता खुळा झाला. शब्दाचा आजचा अर्थ आजची माणसं ठरवतात, पणजोबा नाही. वादात समोरच्याला गप्प करायला व्युत्पत्ती काढणारे लोक मला भेटतात, त्यांच्याशी मी हवापाण्याच्या गप्पा मारते.

प्रश्न : सुरुवात कशी करावी? आणि मूळ सापडतच नाही असे शब्द असतात का?

उत्तर : डग्लस हार्पर या अमेरिकन गृहस्थाने एकहाती उभा केलेला व्युत्पत्तिकोश इंटरनेटवर फुकट आहे, 'एटिमऑनलाइन' या नावाने. तिथून सुरुवात करा, आणि आपापल्या कामातले शब्द घ्या. नर्स असाल तर 'मसल' काढा, लॅटिन 'मुस्कुलुस', म्हणजे छोटा उंदीर, आणि तिथून आपला 'मूषक' दोन पावलांवर. शिक्षक असाल तर 'पेन' आणि 'पेन्सिल' काढा. दोघांचं एकमेकांशी नातं नाही. 'पेन'च्या मुळाशी पीस आहे. 'पेन्सिल'च्या मुळाशी शेपटी, आधी शेपटीसारखा कुंचला आणि मग शिशाची कांडी. 'पेनिसिलिन' पेन्सिलीच्या घरातलं, कारण ती बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते. नोंद वाचताना शब्द पहिल्यांदा केव्हा लिहिलेला सापडतो ते साल आधी बघा. निम्म्या दंतकथा तिथेच गळतात.

आणि हो, मूळ न सापडलेले शब्द भरपूर आहेत, तेही अगदी घरातले. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला 'हुंड' म्हणत, आजचा 'हाउंड'. त्याचं नातं थेट आपल्या 'श्वाना'शी. मग कुठून तरी 'डॉग' उगवला. आधी क्वचित कुठे दिसे, हळूहळू त्याने 'हाउंड'ला शिकारीपुरतं उरवलं आणि सगळी जात ताब्यात घेतली. जर्मन, डच, डॅनिश, शेजाऱ्यांपैकी कुणाकडेच त्याचा सख्खा भाऊ नाही. स्पॅनिशमध्ये कुत्र्याला 'पेर्रो' म्हणतात, त्याचाही ठावठिकाणा लागत नाही. 'बॉय' आणि 'गर्ल'चीही तीच कथा, तर्क पुष्कळ, निकाल नाही. पहिल्या पत्रातल्या इंजिनिअरला रात्री जागायचंच असेल, तर 'डॉग' अजून मोकळा आहे.